ज्या नातवाने आजोबांना खाटेवरच पाहिले, त्याला त्यांचे कष्ट कसे दाखवावेत?

कातळसडा

माझे वडील गेल्या वर्षी वैशाखात, वयाच्या ८१व्या वर्षी गेले. तीन आठवड्यांनी त्यांचे वर्षश्राद्ध आहे आणि त्या निमित्ताने बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडतो आहे.

आमचे गाव देवगड तालुक्यात, खाडीपासून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सुट्टी लागण्यापूर्वी शाळेत त्याला 'माझे आजोबा' या विषयावर निबंध लिहायचा होता. त्याने लिहिले, "माझे आजोबा पडवीतल्या खाटेवर झोपायचे. ते मला उशीखालचे बिस्कीट द्यायचे. त्यांचा उजवा हात हलत नव्हता." तिन्ही वाक्ये खरी आहेत. २०२१च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, त्यामुळे त्याआधीचे आजोबा त्याला आठवणे शक्यच नाही. तरीही तो निबंध वाचून मी कितीतरी वेळ वही हातात धरून बसून राहिलो.

कारण मला तोच उजवा हात पहारीवर आठवतो. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी सड्यावरच्या दीड एकरात हापूसची ६२ कलमे लावायची ठरवली. ज्यांनी सडा पाहिला आहे त्यांना सांगायला नको, पण तेथे माती नावापुरतीही नसते. जांभ्याचा काळा पडलेला कातळ फोडून एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा करायचा, खालच्या मळ्यातून माती वाहून आणून तो भरायचा आणि मग त्यात हातभर उंचीचे कलम लावायचे. सुरुंगाला पैसे नव्हते म्हणून निम्म्याहून अधिक खड्डे बाबांनी पहार आणि घणाने फोडले. पुढचे तीन उन्हाळे ते पहाटे विहिरीवरून कावडीने पाणी नेत असत. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. संध्याकाळी ते ओट्यावर बसून तळहाताला खोबरेल लावत, तेव्हा तेल लावल्यावरही त्या हाताचा खरखरीत आवाज येत असे.

थोरल्या भावाच्या मनात एसटीच्या थांब्यावर बाबांच्या नावाने निवारा बांधावा, असे आहे. मला वाटते, त्याने नाव राहील, पण माझ्या मुलाला आजोबा भेटणार नाहीत. तुमच्या घरी अशी वेळ आली असेल तर तुम्ही काय केलेत, ते कृपया सांगावे.

अबोली

बागेत काम करतानाची काही छायाचित्रे आहेत का? एक जरी असले तरी पुष्कळ काम होईल.

कातळसडा

अबोली, एकूण तीनच छायाचित्रे आहेत. एक लग्नातले, एक मतदार ओळखपत्रावरचे आणि एक माझ्या मुलाच्या बारशाचे. सड्यावर कॅमेरा घेऊन कोण जाणार होते?

पोफळी

आमचे घर श्रीवर्धनच्या बाजूला आहे. आजोबांची नारळ-पोफळीची वाडी होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरूनच गेले आणि दुपारच्या काही तासांत वाडी आडवी झाली. मी तेव्हा टाळेबंदीमुळे गावीच होते, म्हणून पुढचे सगळे डोळ्यांनी पाहिले.

आजोबा ७८ वर्षांचे होते. पहिले दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कोयता कमरेला लावून वाडीत शिरले आणि पडलेल्या झाडांवरून पाय टाकत एकेका उभ्या पोफळीला हात लावून आले. वीज नव्हती आणि ती पुढे कित्येक दिवस आली नाही. पंप बंद होता आणि पाण्याचे पाइप झाडांखाली चिरडले होते. तेव्हा आजोबांनी पडलेल्या पोफळींचे सोट उभे चिरायला सांगितले, आतला भुसभुशीत गाभा स्वतः खरवडून काढला आणि त्यांच्या पन्हळी करून विहिरीपासून वाचलेल्या रोपांपर्यंत मांडल्या. पूर्वी पाटाचे पाणी असेच फिरवत असत, हे मला त्या दिवशी कळले. पन्हळीला किती उतार द्यायचा, हे ते ओंजळभर पाणी ओतून ठरवत. पाणी थबकले की खालचा दगड बोटभर सरकवायचा आणि पुन्हा ओंजळ ओतायची. मी सांधे धरून ठेवत होते आणि ते रागावत होते, कारण मी सांधा उलटा लावला होता. वरची पन्हळ नेहमी खालच्या पन्हळीच्या आत ओतली पाहिजे.

आजोबा २०२३ मध्ये गेले. त्यांच्याविषयी मला शेकडो गोष्टी सांगितल्या गेल्या असतील, पण मनात पक्की बसलेली गोष्ट म्हणजे ती पन्हळ, कारण तिच्यात माझे हात होते. म्हणून माझे मत असे की, मुलाला सांगण्याऐवजी आजोबांचे एखादे काम त्याला करायला द्यावे.

गिरणगावातून

पोफळी यांनी लिहिलेले पटले, पण ज्यांचे वडील घरी नसतच, त्यांनी काय करावे, याचाही विचार व्हायला हवा. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आई, आजी आणि आम्ही भावंडे राजापूर तालुक्यात गावी असायचो. वडील म्हणजे गणपतीचे आठ दिवस आणि मे महिन्यातला एक पंधरवडा. कोकणातली अर्धी घरे अशीच मनीऑर्डरवर चालली आहेत.

त्यांचे काम मी कधी पाहिलेच नाही. एका खोलीत पंधरा-वीस गाववाले, पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे, हे सगळे नंतर ऐकलेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि वर्षभर वाट पाहून ते वळकटी घेऊन गावी आले ते कायमचेच. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. पंचवीस वर्षे साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने पुन्हा जोत धरायला शिकणे किती कठीण असते, हे मी पाहिले आहे. पहिल्या मिरगात त्यांचा नांगर सरळ जात नव्हता आणि आजी बांधावर उभी राहून त्यांना लहान मुलासारखे सांगत होती. ते मान खाली घालून ऐकत होते.

ते गेल्यावर आईच्या ट्रंकेत पत्र्याचा एक डबा सापडला. त्यात मनीऑर्डरच्या सगळ्या कुपनांचा गठ्ठा होता. त्या कुपनावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. "कौले शाकारून घेणे. रक्कम पुढील महिन्यात वाढवून पाठवतो." "गाय व्याली का, कळवणे." "धाकटीचा खोकला थांबला नसेल तर तालुक्याला न्यावे, पैशांकडे पाहू नये." अशी सोळा वर्षांची कुपने आईने तारखेप्रमाणे लावून ठेवली होती. मी ती माझ्या मुलीबरोबर वाचली आणि आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या. तेव्हा घरातले जुने कागद एकदा नीट पाहा. सातबारा, सोसायटीची पुस्तके, पेट्यांच्या पावत्या, काहीही असो. जे कधी दोन शब्द धड बोलले नाहीत, ते अशा कागदांवर सापडतात.

खाडीकाठ

निवाऱ्याची कल्पना मला वाईट वाटत नाही. आमच्या गावात एका कुटुंबाने आजोबांच्या नावे असा निवारा बांधला आहे आणि पावसाळ्यात शाळेची मुले रोज त्यात उभी राहतात. थोरल्या भावाच्या भावनेचाही मान राखावा. वर्षश्राद्धाच्या तोंडावर भावाभावांत दुमत नको.

माहेरवाशीण

कातळसडा, तुमची मांडणी वाचून डोळे भरून आले, तरी एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. खड्डे बाबांनी फोडले हे तुम्ही लिहिले आहे. मळ्यातून माती वर कोणी वाहून आणली?

आमच्या घरी वडील चिरेखाणीवर होते आणि घरचे भात आईच्या अंगावर होते. राब भाजणे, तरवा काढणे, लावणी, इरले पाठीवर घेऊन दिवसभर चिखलात वाकून उभे राहणे, हे सगळे तिचे. वडील गेल्यावर शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी "त्यांनी एकट्याने संसार ओढला" असे म्हटले. आई समोरच बसली होती. तिला त्याचे काही वाटले नसेल, पण मला अजून वाटते.

दुसरे असे की, मुलाला आजोबा देवासारखे रंगवून सांगू नका. माझे वडील कष्टाळू होते आणि तापटही होते. दमून आले की घरात कोणी मोठ्याने हसलेले त्यांना चालत नसे. मी माझ्या मुलांना दोन्ही सांगते आणि म्हणूनच त्यांचा माझ्या बोलण्यावर विश्वास बसतो.

कातळसडा

माहेरवाशीण, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो मला स्वतःला पडला नाही याची खंत वाटते. माती आईने वाहिली. बरोबर माझी आत्या आणि वाडीतल्या दोघी बायका असत, पण रोज येणारी आईच. ती आज ७४ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे गेले आहेत. ते कशाने गेले, हे या सगळ्यात आम्ही कधी जोडून पाहिले नव्हते.

बाबांच्या रागाविषयीही लिहितो. ते रागीट नव्हते, पण हट्टी होते. व्यापाऱ्याला घाई असो की सण तोंडावर असो, फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा) तयार झाल्याशिवाय त्यांनी घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, लावू दिली नाही. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आले आणि देठ खळीत बसला, म्हणजे फळ तयार, ही त्यांची परीक्षा. मी एकदा कोवळे फळ उतरवले तेव्हा त्यांनी ते आठ दिवस ओट्यावर ठेवले आणि सुरकुतलेले फळ रोज मला दाखवले. "घाय करू नको, आधी देठ बघ," एवढेच म्हणत. त्या हट्टापायी दोन वर्षे चांगला दर गेला आणि घरात ओढ झाली, हेही खरे आहे.

घाटरस्ता

थोडे अवांतर होईल, पण लिहितो. माझे आजोबा एसटीत चालक होते आणि त्यांची निम्मी नोकरी गगनबावड्याच्या करूळ घाटात गेली. निवृत्तीनंतर मी त्यांना माझ्या गाडीतून कोल्हापूरला नेत असे. ते शेजारी बसत आणि प्रत्येक वळणाच्या आधी त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत खाली दाबला जाई. माझा पाय ब्रेकवर पडण्याच्या आधी त्यांचा पडलेला असे. घाट संपेपर्यंत त्यांचे बोलणे बंद असे आणि माथ्यावर आल्यावर ते चहा मागत. मला त्यांच्या नोकरीविषयी फार माहिती नाही, पण तो पाय मी पाहिला आहे आणि आता त्या घाटात गाडी चालवताना माझी डावी बाजू रिकामी वाटते.

तांडेल

आम्ही हर्णैकडचे. आजोबा होडीवर आणि नंतर यांत्रिक नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख होते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आले त्या दिवशी त्यांनी सकाळीच वारा पाहून नौका बंदरात ठेवली होती आणि दोन खलाशी त्यामुळे नाराज झाले होते. त्या संध्याकाळनंतर त्यांच्याशी कोणी वाद घातला नाही. असो, ते सांगायला मी आलेलो नाही.

मला एवढेच म्हणायचे आहे की, मुलाने लिहिलेला निबंध अपुरा आहे असे त्याला भासवू नका. आजोबांचा एक हात लुळा पडला होता, बोलणेही जड झाले असेल, आणि तरी ते दुसऱ्या हाताने उशीखाली बिस्कीट जपून ठेवत होते. त्या अवस्थेत तेही काम होते. माझे आजोबा शेवटी दोन वर्षे अंथरुणावर होते. त्यांना मी फाटक्या जाळ्याचा तुकडा आणि लाकडी सुई आणून देत असे आणि ते पडल्या पडल्या सांधत असत. रात्री आई तो तुकडा पुन्हा उसवून ठेवत असे, म्हणजे सकाळी त्यांना काम मिळे. त्यांना ते कळत होते की नाही, मी कधी विचारले नाही.

पोफळी

तांडेलकाका, तुमचा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

कलमबांधणी

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि आता दापोलीतच रोपवाटिका चालवतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो. हा नऊ वर्षांच्या मुलालाही करता येईल.

कलमे १० मीटर अंतरावर लावतात. ६२ कलमे आणि दीड एकर, हे बरोबर जुळते. एक मीटरचा खड्डा म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर. डोक्यावरून वाहताना घमेल्यात साधारण १२ लिटर माती राहते असे धरले, तर एका खड्ड्याला ८३ घमेली लागतात. ६२ खड्ड्यांना ५,१०० च्या वर. खड्ड्यात पालापाचोळा आणि शेणखतही घालतात, म्हणून थोडे कमी धरले तरी चार हजारांच्या खाली हा आकडा येत नाही. घमेले भरून वर चढायचे आणि रिकामे घेऊन खाली उतरायचे, म्हणजे चढणे-उतरणे त्याच्या दुप्पट.

पोफळी म्हणतात तसे काम करायला द्यायचे असेल, तर हाच काळ योग्य आहे. खड्डे मे महिन्यात भरून ठेवतात आणि पाऊस स्थिरावला की कलम लावतात. बागेत एखादी जागा मोकळी झाली आहे का, पाहा.

कातळसडा

कलमबांधणी, तुमचे फार आभार. जागा आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वरच्या रांगेतले एक झाड मुळासकट उपटले गेले. त्यानंतर तीन महिन्यांत बाबा आजारी पडले आणि तो खड्डा तसाच राहिला. त्यात आता करवंदाची जाळी वाढली आहे.

माहेरवाशीण

मातीचे पहिले घमेले आजींच्या हातून भरून घ्या.

अबोली

आणि श्राद्ध झाल्यावर काय झाले ते येथे जरूर लिहा. आम्ही वाट पाहतो.

कातळसडा

वर्षश्राद्ध परवा पार पडले. सविस्तर लिहायला आज वेळ मिळाला.

भावाशी बोललो. निवारा तो बांधणार आहे आणि मीही वर्गणी देणार आहे. खाडीकाठ यांचे म्हणणे मला पटले. पाटीवर बाबांबरोबर आईचेही नाव घालावे, असे मी सुचवले. आई नाही म्हणाली, जिवंत माणसाचे नाव दगडावर नको. तो विषय तिथेच थांबला.

घरातले कागद पाहिले. कुपने नव्हती, पण माळ्यावर आंब्याच्या पेटीच्या एका फळीवर बाबांच्या अक्षरात खडूने लिहिलेले आकडे सापडले. झाडांना त्यांनी क्रमांक दिले होते आणि पुढे त्या हंगामात उतरलेली डझने लिहिली होती. सतराव्या क्रमांकापुढे फुली होती. ते झाड सुरुवातीची नऊ वर्षे धरलेच नाही, हे आईने सांगितले. ते तोडावे असे सगळे म्हणत होते आणि बाबा ऐकत नव्हते. फळी मुलाने स्वतःकडे ठेवून घेतली आहे.

श्राद्धाच्या आदल्या शनिवारी सकाळी आम्ही सड्यावर गेलो. आईला चढवत नव्हते, म्हणून भावाने तिला मोटरसायकलवरून बाजूच्या वाटेने वर आणले. खड्डा आधीच साफ करून घेतला होता. आतल्या कातळावर पहारीचे वण अजून दिसतात, बोटभर रुंद आणि एकाशेजारी एक. मुलगा आत उतरून त्यांवर बोट फिरवत होता. एका कोपऱ्यात वण वेगळ्या दिशेने गेले होते. त्याने कारण विचारले तेव्हा आई म्हणाली की त्या दिवशी आजोबांच्या उजव्या खांद्याला मार लागला होता आणि तेवढा कोपरा त्यांनी डाव्या हाताने फोडला. हे मलाही ठाऊक नव्हते.

माती मळ्यातूनच आणायची असे ठरवले होते. पहिले घमेले आईने बसूनच भरले. मुलाने अर्धे घमेले डोक्यावर घेऊन फेऱ्या सुरू केल्या आणि प्रत्येक फेरीला कातळावर कोळशाने रेघ ओढत होता. अकराव्या रेघेनंतर तो आजीजवळ जाऊन बसला. कलमबांधणी यांचा हिशेब त्याने वहीत करून घेतला होता, तो तिला वाचून दाखवला आणि विचारले की तू खरोखर पाच हजार वेळा वर आलीस का.

"मोजूक वेळ कोणाक होतो?" आई म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने सांगितले की शेवटच्या फेरीला बाबा खाली उतरून येत, घमेले तिच्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर घेत आणि ती रिकाम्या हाताने त्यांच्या मागून वर चढत असे. रोज, शेवटची फेरी.

उरलेली माती आम्ही भावांनी भरली. मुलाच्या निबंधात मी काही बदलायला सांगितले नाही. काल रात्री त्यानेच खाली एक ओळ वाढवली आहे : "सतरा नंबरचे झाड माझ्या आजोबांनी तोडू दिले नाही."

तांडेल

त्या झाडाला यंदा किती फळ आहे?

कातळसडा

तांडेलकाका, काल उतरवले. नऊ डझन भरले. दोन डझन पिकायला अढीत घातले आहेत, बाकीचे वाडीत वाटले. वरच्या खड्ड्यात लावायला कलम कलमबांधणी यांच्याकडूनच घ्यायचे ठरवले आहे. पाऊस स्थिरावला की आम्ही तिघे दापोलीला येतो.